वेलीला वेसण

ऑक्टोबर 2025 मध्ये इंग्लंडमधल्या स्टुअर्ट आणि इयान पेटन या जुळ्या भावांनी 1278.8 किलोंचा भोपळा काट्यावर चढवून जागतिक विक्रम केला. अशी बातमी वाचली की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले: एवढ्याचे घारगे किती होतील, आणि खत कुठलं घातलं? पहिल्याचं उत्तर निराशाजनक आहे, कारण ही राक्षसी फळं चवीला पाणचट असतात. दुसऱ्या प्रश्नाची मात्र दिशाच चुकली आहे. खत सगळेच घालतात आणि भरपूर घालतात. भोपळ्याचं वजन ठरतं ते मालक वेलीला किती वेळा ‘नाही’ म्हणतो यावर. ही वेल उन्हाळाभर काहीतरी मागत असते आणि तिचं जवळजवळ प्रत्येक मागणं फेटाळणं हीच विक्रमवीराची दिनचर्या.

वेलीच्या बाजूनं पाहिलं तर तिची काही चूक नाही. पेरापेरातून पान, फूल, तणावा आणि नवा फुटवा काढायचा, मिळेल तेवढी जमीन बळकावायची आणि वीस ठिकाणी वीस मध्यम भोपळे ठेवून वंशाची सोय करायची, हा तिचा शहाणा व्यवहार. मालकाला तो परवडत नाही. तो मुख्य वेल सरळ रेषेत नेतो, तिच्या फांद्या दोन्ही अंगांना काटकोनात पसरू देतो आणि त्या फांद्यांना फुटलेल्या फांद्या दिसताक्षणी खुडतो. थोडक्यात, मुलं चालतील, नातवंडं नकोत. पेरांवर माती ओढली की तिथेही मुळं धरतात, म्हणून हेही काम रोजचंच. मग मुळापासून साधारण तीन-चार मीटरवर, मुख्य वेलीवर, हातानं परागीकरण केलेली दोन-तीन फळं धरायची आणि त्यांतलं एक ठेवून बाकीची काढून टाकायची. शेवटी शेंडेही खुडायचे. विळ्या-भोपळ्याचं सख्य ते हेच, फक्त इथे खरोखरच विळा चालतो आणि भोपळा वाढतो.

इथे कुणीही विचारेल की अन्न तयार करतात पानं, मग हिरवा फुटवा तोडून फळ वाढेल कसं? आक्षेप रास्त आहे, पण अर्धवट. कोवळा फुटवा आधी खातो आणि मग कमावतो. जागा भरल्यावर आलेलं जादा पान एक तर दुसऱ्याच्या डोक्यावर सावली धरतं, नाही तर स्वतःच सावलीत बसून खातं. शिवाय दाटीत हवा खेळत नाही आणि भुरी रोगाला आमंत्रण मिळतं. त्यामुळे मालक पानांचा शत्रू नसतो. उन्हात बसलेल्या प्रत्येक पानाला तो जपतो, वारा वेल उलथवू नये म्हणून काठ्यांच्या फुल्या रोवतो आणि चालताना फळीवरून चालतो.

दुसरा आक्षेप बियाणेवाल्यांचा: हे सगळं बियांचं कर्तृत्व. यात तथ्य आहे. कॅनडाच्या विल्यम वॉर्नॉकचा 1904 सालचा 403 पौंडांचा, म्हणजे सुमारे 183 किलोंचा विक्रम 1976 पर्यंत टिकला. पुढे नोव्हा स्कॉशियातल्या विंडसरच्या हॉवर्ड डिल यांच्या ‘अटलांटिक जायंट’ वाणानं आकड्यांना पाय फुटले. पण 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात गंमत दिसली: मोठ्या जातींची पानं साखर काही विशेष कार्यक्षमतेनं बनवत नाहीत, त्यांच्यात साखर वाहून नेणाऱ्या ऊती जास्त असतात. म्हणजे बियाण्यानं रस्ता रुंद केला. माल एका पत्त्यावर जायचा की वीस, हे अजूनही विळाच ठरवतो.

एवढी हुकूमशाही गाजवल्यावर मालकाची जी अवस्था होते ती पाहण्यासारखी असते. ऐन भरात भोपळा दिवसाला वीस किलोंनी वाढू शकतो. त्याचा खांदा वर चढतो, वेलीला उचलतो आणि देठ तुटण्याची वेळ येते. म्हणून फळाजवळची, कालपर्यंत लाडानं मातीत दाबलेली मुळं आज कापून वेल सैल करावी लागते. ती हळूहळू, रोज थोडी वळवून फळापासून लांब न्यावी लागते. सगळ्या वेलीला धाकात ठेवणारा माणूस एका देठापुढे गुडघ्यावर बसतो.

उरला शेवटचा आक्षेप: याचा उपयोग काय? विंडसरमध्ये 1999 साली लोकांनी असे भोपळे पोखरून, त्यांत बसून तळ्यात वल्हवण्याची शर्यत सुरू केली. लेकीकडून भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीवर वाढलेल्या वाचकांनी तरी हा प्रश्न विचारू नये. तिच्या भोपळ्याला वल्हं नव्हतं इतकंच. तेव्हा गच्चीवरच्या पिंपात लाल भोपळा लावला असेल आणि एकच, पण शेजाऱ्यांना दाखवण्याजोगं फळ हवं असेल, तर खताची पुढची पिशवी राहू द्या. आधी कात्रीला धार लावून आणा.