जन्म : १ जून

महाराष्ट्रात एक जूनला एवढी माणसं कशी जन्मली, याचं उत्तर कुठल्याही प्रसूतिगृहात मिळणार नाही. ते गावच्या शाळेच्या रजिस्टरात आहे. गुरुजी विचारायचे, "पोराचा जन्म कधीचा?" आजोबा सांगायचे, "पेरण्या चालल्या होत्या बघा." गुरुजी पोराकडे एकदा बघायचे, सहा वर्षं मागे जायचे आणि लिहायचे, १ जून. माझी तारीखही त्याच शाईतली.

या तारखेला खरोखर जन्मलेली दोन अपत्यं चाकांवर चालतात. डेक्कन क्वीन सुरू झाली १ जून १९३० ला, आणि पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला निघाली १ जून १९४८ ला. मुंबईच्या मुख्य कार्यालयात फाईल घेऊन हजर राहण्याचा हुकूम नेमका याच तारखेचा आला, तेव्हा मी क्वीनचंच तिकीट काढलं.

सकाळी सव्वासातची गाडी. इंजिनाला हार, फलाटावर टेबल, टेबलावर केक. पासवाली मंडळी घरचं कार्य असल्यासारखी नटून आली होती. पुणेकर वाढदिवससुद्धा घड्याळाकडे बघत साजरा करतो. "सात दहा झाले, भाषण आवरा, कापा!" असा मागून आवाज आला आणि सुरी फिरली. माझ्यापर्यंत क्रीम लागलेला पुठ्ठा तेवढा पोहोचला. घाट येईपर्यंत मी डायनिंग कारमधल्या कटलेटवर दुःख विसरलो. समोरचे गृहस्थ चीज टोस्ट खाता खाता म्हणाले, "पूर्वीची चव राहिली नाही." म्हणाले, आणि दुसरी प्लेट मागवली.

सीएसएमटीहून चालत फोर्टातल्या कार्यालयात पोहोचलो, तर माझ्या फाईलकडे बघायला कुणी मोकळं नव्हतं. आस्थापनेच्या टेबलाभोवती सगळा मजला गोळा झालेला. टेबलावर दोन किलोंचा अननसाचा केक, त्यावर लाल जेलीत साहेबांचं नाव. आणि साहेब आदल्याच दिवशी निवृत्त झालेले!

नियम असा, की एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच घरी जातो. म्हणून दरवर्षी ३१ मेला आपल्याकडे कचेऱ्याकचेऱ्यांतून शाल-श्रीफळांचा महापूर येतो. साहेबांनाही काल शाल-श्रीफळ मिळालं होतं. पण वाढदिवसांची यादी संगणकाकडे, आणि निरोप समारंभ माणसांकडे. संगणकाने सांगितलं, आस्थापनेच्या मॅडमनी केक मागवला. केकवाला परत घेईना. "नाव लिहिलेला माल आम्ही कुणाला विकायचा?" त्याचंही खरंच होतं.

"परस्पर कसा कापायचा? ऑडिटला काय दाखवायचं?" हेडक्लार्क म्हणाले. एवढ्यात मॅडमची नजर माझ्या फाईलकडे न जाता माझ्याकडे वळली.

"तुमची जन्मतारीख काय हो?"

"कागदावर एक जून."

"कागदावरचीच लागते इथे!"

पुढचं सगळं मिनिटभरात उरकलं. सुरी सापडेना, म्हणून शिपाईदादांनी स्टीलची फूटपट्टी पुसून आणली. साहेबांच्या नावाने टाळ्या वाजल्या, माझ्या हाताने केक कापला गेला, आणि आडनावाचं पहिलं अक्षर चेरीसकट माझ्या बशीत आलं. खाली मऊ स्पंज, मध्ये अननसाचे टपोरे तुकडे, वर मिशीला लागणारं क्रीम. दुसऱ्याच्या नावाचा केक आपल्या नावाच्या केकाहून गोड लागतो, कारण वर्गणी भरलेली नसते. मी दुसरा तुकडा मागितला. मॅडमनी आडनाव पूर्ण केलं.

त्या गोडव्यात माझ्या फाईलवर तीन सह्या झाल्या. एरवी एका सहीला दोन फेऱ्या पडतात.

मग कुणाला तरी साहेबांची आठवण झाली. स्पीकरवर फोन लावला. साहेब डोंबिवलीत, बहुधा आंबा चोखत होते.

"अरे, माझा खरा वाढदिवस दिवाळीतल्या पाडव्याला असतो," साहेब म्हणाले. "पण केक कसला आहे?"

"अननसाचा, साहेब."

पलीकडे क्षणभर शांतता.

"मग कोपऱ्याचा तुकडा फ्रीजमध्ये ठेवा. उद्या पेन्शनच्या कागदांसाठी यायचंच आहे."