सस्पेन्स खात्यातला पक्षी

अमेरिकेत मुलाकडे आलेल्या आईवडिलांना दाखवायच्या गोष्टींची यादी ठरलेली असते: नायगारा, स्वातंत्र्यदेवी, व्हाइट हाउस आणि कॉस्टको. यादी संपते तेव्हा परतीचं तिकीट अजून लांब असतं. अशाच एका ऑक्टोबरअखेरच्या शनिवारी चिरंजीव म्हणाले, "बाबा, पेन्सिल्व्हेनियात एका डोंगरावर लोक दिवसभर बसून गरुड आणि ससाणे मोजतात. तुम्हाला आवडेल." माझा जन्म बँकेत गेला, त्यातला बराचसा कॅश काउंटरवर. म्हणून हा आहेर.

"मोजल्याचे काय देतात?" हिने विचारलं.

"काही नाही. उलट वर जायला तिकीट आहे."

"मग यांनाच घेऊन जा," असं म्हणत ही दिवाळीच्या चकल्या डब्यात भरायला लागली. म्हणजे येणार होती.

हा डोंगर, हॉक माउंटन, चिरंजीवांच्या न्यू जर्सीतल्या घरापासून दोनेक तासांवर, केम्पटन नावाच्या खेड्याजवळ आहे. उंची दीड हजार फुटांच्या आसपास. "एवढ्याला माउंटन म्हणतात?" सिंहगड चढून वर पिठलं-भाकरी खाणाऱ्या बाईला हा प्रश्न शोभतो. पण मैलभराच्या त्या वाटेचा शेवटचा टप्पा नुसत्या धोंड्यांचा आहे. तिथे उंचीचा विषय निघाला नाही. प्रत्येक धोंड्यावर एक "अगं बाई" तेवढं ऐकू येत होतं.

वर नॉर्थ लुकआउट. करड्या खडकांचा ढीग, त्यावर कानटोप्या घालून बसलेली माणसं, प्रत्येकाच्या बुडाखाली घरून आणलेली उशी आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. खाली पिवळ्या-तांबड्या झाडांचा एवढा थाटमाट मांडलेला, त्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. आम्ही टेकतोय तोच शेजारच्या आजोबांनी स्वागत केलं: "काल यायला हवं होतं." मग कळलं, इथली ही नमस्काराची रीत आहे. काल नसेल तर सप्टेंबरात यायला हवं होतं. तेव्हा ब्रॉड-विंग्ड हॉक नावाचे ससाणे गरम हवेच्या भोवऱ्यांत थव्याथव्याने चढतात आणि थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत जातात. सप्टेंबरही जमला नसेल, तर मग १९७८ सालीच यायला हवं होतं. त्या सप्टेंबरात एका दिवसात वीस हजारांहून अधिक पक्षी गेले. १९७८ साली मी सातारा जिल्ह्यात कर्जवसुलीवर होतो, पण हे त्यांना सांगून काय उपयोग?

मोजणारा तरुण मधोमध उभा. समोरच्या डोंगररांगेवरच्या उंचवट्यांना इथे आकडे दिलेले आहेत. तो मधूनच म्हणायचा, "तीनवर, उंच, ढगाच्या डाव्या कडेला." लगेच सगळ्या दुर्बिणी तिकडे. "ओहो!" असा सामुदायिक उद्गार. मला ढग दिसायचा. ढग चांगला होता. कडेही स्पष्ट होती. मीही "ओहो" म्हणून घ्यायचो.

पक्षी इथूनच का जातात, ते आजोबांनी समजावलं. थंडीची लाट येऊन गेली की वायव्येचा वारा सुटतो, या लांबलचक डोंगररांगेवर आपटतो आणि वर उसळतो. त्या उसळलेल्या हवेवर पंख ताणायचे आणि मैलोनमैल फुकट सरकत राहायचं. म्हणजे तिकीट फक्त बघणाऱ्यांना.

एवढ्यात हिने डोक्यावर घिरट्या घालणारा एक भलामोठा काळा पक्षी शोधून काढला. मोजणाऱ्याने हसून मान हलवली. ते गिधाड इथलंच. इथे राहणाऱ्याची नोंद होत नाही, चाललेल्याचीच होते. चिरंजीवांचं ग्रीन कार्ड बरीच वर्षं रांगेत आहे. त्यांनी त्या गिधाडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

खडकांत एका उंच काठीवर घुबड बसवलेलं होतं. खोटं. ससाण्यांचा घुबडावर राग, म्हणून ते त्यावर झडप घालायला खाली येतात आणि आपल्याला जवळून दिसतात. "ऐन दिवाळीत लक्ष्मीचं वाहन काठीला टांगलंय," ही पुटपुटली. पण तेवढ्यात शिकऱ्याच्या जातभाईने, शार्प-शिन्ड हॉकने, त्या घुबडाच्या कानशिलाजवळून असा काही सूर मारला की तिने हातातली चकली सोडली. हा पक्षी मलाही दिसला.

मोजणी इथे पूर्वीही व्हायची, पण मेलेल्यांची. हे ससाणे कोंबड्या आणि शिकारीचे पक्षी पळवतात, म्हणून लोक रविवारी बंदुका घेऊन याच खडकांवर बसत. १९२९ साली राज्याने गॉसहॉक मारणाऱ्याला पाच डॉलर बक्षीस लावलं. १९३२ मध्ये रिचर्ड पो नावाच्या गृहस्थांनी जमिनीवर रांगेने मांडलेल्या मेलेल्या पक्ष्यांचे फोटो काढले. ते फोटो पाहून न्यूयॉर्कच्या रोझाली एज या बाईंनी निवेदनं देण्यापेक्षा सरळ डोंगरच भाड्याने घेतला. १९३४ साली, सुमारे १,४०० एकर! बायकांच्या मताधिकारासाठी लढून आलेल्या बाई. त्यांना बंदूकवाल्यांचं काय एवढं? राखणीला त्यांनी मॉरिस ब्राउन आणि त्यांची पत्नी अर्मा यांना पाठवलं. मॉरिस वर बसून पक्षी मोजायचे आणि अर्मा खाली फाटकावर शिकाऱ्यांना परत धाडायच्या. यातलं अवघड काम कुठलं, यावर आमच्या घरात दुमत नाही.

आता कॅशियरच्या नजरेने सांगतो. ब्राउन नुसतं किती ते लिहीत नव्हते, गरुडांत पोरं किती आणि थोर किती हेही लिहीत होते. १९३५ ते ३९ मध्ये बाल्ड ईगलांत चाळीस टक्के पोरं होती. १९५५ ते ५९ मध्ये वीस टक्के. १९५७ साली तर बत्तीस थोरांमागे एक पोर. जुनी खाती सुरळीत, पण नवीन खातं कुणी उघडतच नाही. अशी शाखा बाहेरून झकास दिसते आणि आतून बुडत असते. रेचल कार्सन यांनी हे आकडे १९६२ सालच्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात घातले. डीडीटी या कीटकनाशकावर संशय होता, तो पुढे खरा ठरला. १९७२ मध्ये अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि २००७ मध्ये बाल्ड ईगलचं नाव संकटग्रस्तांच्या यादीतून निघालं. इतकी वर्षं मीही रोज संध्याकाळी टॅली जुळवली, पण त्याने एक चिमणीसुद्धा वाचली नाही.

दुपारी वारा झोंबायला लागला आणि सोनेरी गरुड आला. पंख किंचित वर उचललेले, इंग्रजी व्हीसारखे. बाल्ड ईगल ते फळीसारखे सपाट धरतो. मानेवर ऊन पडलं तेव्हा मागची पिसं खरोखरच सोन्याची दिसली. एकदाही पंख न हलवता तो साऱ्यांच्या डोक्यावरून गेला. आजोबा उभे राहिले. त्यांनी 'काल'चं नावही काढलं नाही.

त्याच्या मागोमाग पाचवर एक ठिपका उगवला आणि ओळख पटायच्या आत ढगात गेला. तरुणाने वहीत 'अनोळखी' असं लिहून एक आकडा टाकला.

मी खूश. "म्हणजे सस्पेन्स खातं! हे क्लिअर कधी करता?"

चिरंजीवांनी भाषांतर केलं. तरुण म्हणाला, "कधीच नाही. ते तसंच राहतं."

"घार होती ती," ही ठामपणे म्हणाली. "लिही म्हणावं. मी डोळ्यांनी बघितली." आणि चकल्यांचा डबा त्याच्यापुढे धरला.

त्याने दोन घेतल्या, आवडल्याचं सांगितलं, आभार मानले. नोंद मात्र बदलली नाही. आमच्या शाखेत याहून कमी फराळावर नोंदी बदललेल्या मी पाहिल्या आहेत.