माशी विदर्भाची, मासा मराठवाड्याचा

माझा मेहुणा डेन्व्हरला असतो. मागल्या खेपेला वाशीमला आला तेव्हा सोबत एक लांबोडकं नळकांडं घेऊन आला आणि जाताना ते विसरून गेला. विसरला असं तो म्हणतो. बॅगेचं वजन जास्त भरलं होतं, असं त्याची बायको म्हणते. आत फ्लाय फिशिंगची काठी होती. शिवाय एका डबीत रेशमाचे दोरे, एक चिमटा आणि मुंगीला टोचतील असे बारके गळ.

या प्रकारात गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. गळालाच पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करायची आणि ती पाण्यावर अलगद उतरवायची. बरं, कोणतीही माशी चालत नाही. त्या हंगामात, त्या तासाला नदीतून जो किडा पंख फुटून वर येत असेल, हुबेहूब त्याचीच नक्कल हवी. एका किड्यावर तुटून पडलेला मासा म्हणे दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. या एका गोष्टीपायी गोऱ्या माणसांनी पिढ्या खर्ची घातल्या. आल्फ्रेड रोनाल्ड्सने १८३६ साली कोणत्या महिन्यात कोणता किडा, असं लावून सचित्र पुस्तक काढलं. अर्नेस्ट श्वीबर्टने १९५५ साली ‘मॅचिंग द हॅच’ लिहून अमेरिकेतल्या नद्यांचा हिशेब मांडला. आपल्याकडेही चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोदाचं प्रकरण घातलेलं आहे. पण राजा व्यवहारी. त्याचा भर पिठाच्या गोळ्यांवर आणि मांसावर.

मी मात्र रोनाल्ड्सच्या पंथाला लागलो.

माशीला कोंबड्याच्या मानेचं पीस लागतं, ताठ आणि चकचकीत, म्हणजे ती पाण्यावर तरंगते. ब्रॉयलरचं पीस कामाचं नाही, ते लगेच भिजून लोळागोळा होतं. म्हणून रविवारच्या बाजारातून अख्खा गावरान कोंबडा आणला. माशीच्या वाट्याला त्याची दोन पिसं आली, बाकीच्याचा रस्सा झाला. बायकोने पहिल्यांदाच माझ्या छंदाला मंजुरी दिली. मी चष्म्यावर भिंग धरून दोरा गुंडाळत बसलो की मात्र म्हणायची, “हापिसात माशा मारून पोट नाही भरलं, आता घरी बांधून राहिले?”

पहिला मुहूर्त मेफ्लायचा. हा किडा एक-दोन वर्षं पाण्याच्या तळाशी काढतो, मग पंख फुटून वर येतो. तेव्हा त्याला खायला धड तोंडही नसतं. जोडीदार शोधायचा आणि एक-दोन दिवसांत मरायचं. थोडक्यात, लग्नसराई तिकडेही मे महिन्यातच, फक्त पंगत नाही. त्या दिवसांत मासे इतके बेभान होतात की त्या पंधरवड्याला इंग्रज ‘डफर्स फोर्टनाइट’ म्हणतात. ढ माणसालाही मासा गावतो. मेहुण्याने फोनवर ‘ढ’वर जरा जास्तच जोर दिला. मी रजा टाकली आणि भर वैशाखात पैनगंगा गाठली.

नदीच्या पात्रात शेळ्या बसल्या होत्या.

पुस्तकात लिहिलेलं असतं की आधी दगड उलटून बघा, खाली कोणती अळी आहे ते कळतं. मी दगड उलटला. खाली विंचू होता. त्याची नक्कल बांधायची की काय, या विचारात असताना शेळ्यावाला म्हणाला, “भाऊ, पाणी आषाढात येते. तवरक उभे राहाता काय?”

थोडं पुढे एका डोहात गुडघाभर पाणी आणि त्यात म्हशी होत्या. निदान फेकण्याचा सराव करावा म्हटलं. या माशीला वजन नसतं, वजन सगळं दोरीत. दोरी आधी पाठीमागे झुलवायची, ती सरळ होईतो थांबायचं, मग पुढे. पाठीमागे बाभूळ असू नये, हे पुस्तकात नव्हतं. इंग्लंडात बाभळी नाहीत. बाभळीतून सोडवून पुन्हा झुलवली, ती थेट माझ्या कानाच्या पाळीत उतरली. अगदी अलगद, पुस्तकात सांगितल्यासारखी.

डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, “काय चावलं?”

“माशी.”

मग त्यांनी बघितलं आणि कंपाउंडरला हाक मारली, कंपाउंडरने बाहेरच्या पेशंटांना. गळाला उलटा काटा असतो, आला त्या वाटेने तो निघत नाही. टोक पुढे ढकलून पाळीतून पार करावं लागतं, मग काटा छाटायचा आणि उरलेली तार मागे ओढायची. छाटायला पक्कड आली ती शेजारच्या मोटारसायकलवाल्याची. वर धनुर्वाताचं इंजेक्शन.

मृगाचा पहिला पाऊस पडला आणि त्या रात्री दिव्यांवर उधई आली. आमचा किडा हा! वारुळातून हजारोंनी निघालेली, एकसारख्या लांब चार पंखांची. बायकोने दिवे मालवून एका बल्बखाली पाण्याची परात ठेवली, आई ठेवायची तशी. मी अभ्यासासाठी सगळे दिवे परत लावले. वरणातसुद्धा पंख निघाले. त्या रात्री मी तपकिरी दोऱ्याचं अंग आणि दुधाच्या पिशवीचे चार पंख, अशी उधई बांधली आणि पहाटे नदीवर पोचलो. डोहात नवं पाणी आलं होतं, वर पंखांची साय धरली होती, आणि मासे पटापट वर येऊन उधई टिपत होते. पण सगळे पलीकडच्या काठाला. अलीकडे वाशीम, पलीकडे हिंगोली. माझी माशी विदर्भातून निघायची आणि मराठवाड्याच्या हातभर अलीकडे पडायची. तिकडे बांबूची काठी घेऊन एक म्हातारे भोईकाका गांडुळावर शिंगटी काढत बसले होते. “इकडंच या की मास्तर,” ते म्हणाले. मी मास्तर नाही, पण दिसत असणार.

ऊन चढता चढता दोरी थरथरली. लागला! अंगावर काटा आला. ओढून काढला, ओल्या वाळूवर माशीशेजारी ठेवला आणि मेहुण्याला फोटो पाठवला. डेन्व्हरला तेव्हा रात्र होती, तरी उत्तर लगेच आलं: “माशी झकास बांधलीय. तिच्या शेजारी पडलाय तो किडा कोणता?”