झाकण उघडतंय का?

"अगं, त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातली बातमी कळली का तुला?"

"काय हो काकू? पुन्हा गाडी घेतली की काय?"

"गाडीचं काय घेऊन बसलीस! नातीला शिकवणी लावलीय. जूनमध्ये ज्युनिअर केजीत जायचीय ना, म्हणून आत्तापासून रोज संध्याकाळी तासभर बाई घरी येतात. चार रेघांच्या वहीत एबीसीडी गिरवून घेतात. काल फाटकापर्यंत रडं ऐकू येत होतं."

कपडे वाळत घालता घालता ती थांबली. आमच्या दोन घरांच्या मध्ये मेंदीचं कुंपण आहे, कमरेइतकं. त्यावरून विरजण जातं, वर्तमानपत्र जातं, आळीतल्या भानगडी जातात. पण ही बातमी तिला लागली. तिच्या गुंड्यालाही याच जूनमध्ये शाळेत घालायचंय.

"म्हणजे आम्ही मागेच पडलो म्हणायचं. याला अजून एक अक्षर काढता येत नाही. पेन्सिल दिली की भिंत रंगवतो."

"रंगवू दे. मनगटात आठ बारकी हाडं असतात आपल्या. पोर जन्मतं तेव्हा तिथं हाड नसतंच, सगळी कूर्चा. मग एकेक करत ती घट्ट होतात आणि सगळी व्हायला दहा-बारा वर्षं जातात. त्या हातानं भिंतीभर मोठ्या रेघा माराव्यात, वहीच्या चार रेघांत अंग चोरून बसायचं त्याचं वय नाही. भिंतीचं वाईट वाटत असेल तर रंगाचा जुना ब्रश आणि बादलीत पाणी दे. मे महिन्याचं ऊन आहे, बघता बघता भिंत कोरडी."

"पण शाळेत लिहायला लावतात ना!"

"लावतात. चुकतात."

बालवाडीत हयात गेल्यामुळे मला असं फटकन बोलायची खोड आहे. आळीत ते सगळ्यांना रुचतं असं नाही, पण अजून कुणी विरजण मागायचं थांबलेलं नाही.

"मला एक सांग, त्याला डबा उघडता येतो का?"

"कुठला डबा?"

"शाळेत न्यायचा."

"हो, नवीन आणलाय ना. चार क्लिपांचा. थेंबभरही गळत नाही."

"गळत नाही म्हणजे उघडतही नसणार."

"मी उघडून देते की!"

"तू जाणार आहेस का ज्युनिअर केजीत?"

ती हसली, पण मी चेष्टा करत नव्हते. जूनमधला शाळेचा पहिला आठवडा मला चांगला माहितीय. मधली सुट्टी होते, पोरं गोल करून बसतात आणि एकजात सगळी डबे वर धरतात: बाई, उघडा! बाई एक, मदतनीस एक. शेवटच्या पोराचं झाकण निघेपर्यंत पहिल्याची घरी जायची वेळ झालेली. उपाशी पोर अकरा वाजता भोकाड पसरतं आणि आम्ही घरी सांगतो की आईच्या आठवणीनं रडला. पहिल्या आठवड्यातलं निम्मं रडं आईसाठी नसतं, ते झाकणासाठी असतं.

"मग काय करू?"

"उद्यापासून दुपारचं जेवण त्याला डब्यातच दे. पडवीत सतरंजी टाक, डबा त्यानं उघडायचा, त्यानं खायचं, त्यानंच बंद करायचा. तू समोर बसून स्वतःचं जेव. हात पुढे करायचा नाही. पोळीचा तुकडा त्याला तोडता येतो का?"

"मी कुस्करून देते. लवकर आटपतं."

"बघ! पोळी धरायची, अंगठ्यानं दाबायची, बोटांनी तोडायची आणि त्याच तुकड्यात भाजी धरायची. हे आपल्याला काहीच वाटत नाही, पण पोराच्या बोटांना तो मोठा अभ्यास आहे. आणि तुझ्या हातात आत्ता काय आहे?"

तिनं हाताकडे पाहिलं. "चिमटा."

"तोच त्याला दे. रुमाल, बनियन, मोजे, एवढे त्यानं वाळत घालायचे. दोरी कमरेइतकी खाली बांध. चिमटा दाबायला अंगठा आणि दोन बोटं लागतात, पेन्सिल धरायलाही तीच. कपडे वाळले की मोज्यांच्या जोड्या लावू दे. सारखं कुठलं आणि वेगळं कुठलं, हे एकदा डोळ्यांना कळलं की पुढे ब आणि व पण कळतात."

एवढ्यात तिच्या सासूबाई पदराला हात पुसत आल्या. त्या मेणवलीहून खास उन्हाळकामासाठी आलेल्या. आज मुगाचे सांडगे होते.

"काय चाललंय गं एवढं? पीठ थांबलंय तिकडं."

"गुंड्या कुठाय?" मी विचारलं.

"टीव्हीपुढे बसवलाय. नुसती लुडबूड करतो, पिठात हात घालतो."

"घालू द्या ना! वहिनी, सांडग्याइतकी चांगली शाळा सबंध वर्षात मिळायची नाही. त्याच्या वाटणीचं पीठ आधी बाजूला काढा, मिरची घालायच्या आत, म्हणजे डोळे चोळले तरी भीती नाही. चिमटीत पीठ धरायचं आणि प्लॅस्टिकवर एकापुढे एक ठेवत जायचं, डावीकडून उजवीकडे, ओळ संपली की खालची ओळ. पुढे वहीत हेच करायचंय त्याला."

"आणि वेडेवाकडे घातले तर?"

"वेडेवाकडे तळले जात नाहीत का?"

वहिनींना ते पटलं, पण त्या लगेच कबूल करणाऱ्यातल्या नव्हेत. "आमच्या वेळी कोण करत होतं हो तयारी? आम्ही सात भावंडं. कुणी आम्हाला शाळेसाठी घडवलं नाही."

"वहिनी, तुम्ही धाकटीच्या वेण्या घालत होता, लसूण सोलत होता, विहिरीवरनं कळशी आणत होता. तुमची तयारी होतच होती, तिला नाव नव्हतं एवढंच. आता घरात पोर एक आणि त्याची कामं करायला मोठी माणसं चार. बूट बाबा घालतात, बटणं आई लावते, घास आजी भरवते. पोराला काही करायला उरतच नाही. आळशी वगैरे नसतं हो ते. आपण घाईत असतो."

सूनबाईंनी सासूबाईंकडे बघायचं टाळलं. मीही बघायचं टाळलं.

"पण काकू, त्या बंगल्यातल्या बाई सांगत होत्या, मॉन्टेसरीचं साहित्यच लागतं. लाकडी. हजारोंना मिळतो म्हणे एकेक संच."

"मॉन्टेसरीबाईंचं पहिलं बालगृह रोममध्ये सॅन लोरेंझो नावाच्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत उघडलं, ६ जानेवारी १९०७ला. लाकडी साहित्य तिथं होतं, पण हात धुणं, बटणं लावणं, झाडणं, पाणी ओतणं हेही तिथले धडेच होते. आणि रोम राहू दे, आपल्या बोर्डीचं बघ. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथं १९४५ साली बालशिक्षणाचं काम सुरू केलं. विकत आणायचं साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हेच साहित्य झालं. आदिवासी पाड्यांवरची पोरं शाळेत येईनात, तर यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. सरकारच्या अंगणवाड्या आल्या त्या १९७५नंतर. तुझ्या घरात तर चिंचोके आहेत, राजमा आहे, वाटाणा आहे. सगळं एका परातीत मिसळ आणि त्याला वेगळं करायला बसव. फक्त नाकात घालणार नाही एवढ्याकडे लक्ष ठेव."

"आणि आकडे? तो वीसपर्यंत म्हणतो, पण मधले पंधरा-सोळा गाळतो."

"गाळू दे. घडाघडा शंभरपर्यंत म्हणणारी पोरं मी पाहिलीत, त्यांना चार वाट्या आण म्हटलं की ओंजळभर आणतात. रात्री ताटं त्यानं मांडायची. घरात माणसं चार, आजी आल्या म्हणून पाच. प्रत्येकाला एक ताट, एक वाटी, एक भांडं. परवा आजी गेल्या की एक ताट कमी. वजाबाकी याहून वेगळी नसते."

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मी जायची वाट बघताय!" आणि स्वतःच हसल्या. पीठ थांबलंय हे त्या बहुतेक विसरल्या होत्या.

मग मी आवाज खाली आणला. काही विषय कुंपणावर बोलायचे, पण आळीला ऐकवायचे नसतात. "शी-शूचं काय?"

"सांगतो. म्हणजे, मी विचारलं की सांगतो."

"शाळेत कोण विचारणार? त्यानं आपण होऊन, परक्या बाईला, स्पष्ट सांगायला हवं. आणि ती जीनची पॅंट, पट्टा, बटण, चेन, ती लग्नाला घाल. शाळेत इलॅस्टिकची. घाईच्या वेळी पोराला एका हातानं खाली करता यायला हवी आणि वरही घेता यायला हवी. घरी कमोडच आहे ना तुमच्याकडे? बऱ्याच शाळांत भारतीय पद्धतीचं असतं. त्याला उकिडवं बसायची सवय लाव. अंगणात खेळताना, फुलं वेचताना, गोट्या खेळताना बसू दे तसं."

"परक्या माणसाशी तो बोलतच नाही हो. माझ्या मागे लपतो."

"मग त्याला माझ्याकडे पाठव, साखर मागायला. एकट्यानं यायचं, वाटी हातात, आपल्या तोंडानं मागायचं. तू कुंपणावरनं प्रॉम्प्टिंग करायचं नाही."

ती लगेच आत गेली. थोड्या वेळानं गुंड्या फाटकातून आला, एका पायात त्याची आणि दुसऱ्यात बाबांची चप्पल. माझ्यासमोर उभा राहिला, वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आजी, आई म्हणाली तुमच्याकडे लाडू आहेत."

साखरेचा पत्ता नव्हता. पण निरोप घेऊन आला, नजर वर करून बोलला आणि वाक्य पूर्ण केलं. लाडू द्यावाच लागला. घरी गेल्यावर आईनं त्याला विचारायचं: आजी काय करत होती, काय म्हणाली, मग काय झालं. झालेली गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत सांगता येणं हे अक्षरं येण्याच्या कितीतरी आधी यावं लागतं. रात्री चिऊ-काऊची गोष्ट सांगताना मध्येच थांबायचं आणि पुढचं त्याला सांगू द्यायचं, तेही याचसाठी.

"काकू, पण मला खरी धास्ती पहिल्या दिवसाची आहे. हे म्हणतात, त्याचं लक्ष नसताना हळूच निघून यायचं."

"अजिबात नाही! मागे एका बापानं नेमकं हेच केलं. पोर खिडकीतल्या चिमण्या बघत होतं, हा मागच्या दारानं पसार. पोर वळलं तर बाप गायब. मग कित्येक दिवस ते वर्गाकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून बसायचं, गाण्यात नाही की खेळात नाही. सांगून जायचं. रडलं तरी सांगूनच जायचं. आणि बारा वाजता येते असं नाही म्हणायचं, त्याला बारा काय कळतात? गाणं होईल, डबा खाशील, गोष्ट होईल, की मी फाटकाशी. आणि त्या वेळी तू फाटकाशी असायलाच हवीस, भाजी घ्यायला थांबायचं नाही. आत्तापासून सवय कर. तू बाजारात जा, तो माझ्याकडे राहील. शेंगा सोलत बसू आम्ही."

सासूबाई आतून सांडग्यांच्या नावानं ओरडल्या. त्या कधी आत गेल्या ते आम्हाला कळलंही नव्हतं.

"एक शेवटचं विचारू? हा नोव्हेंबरचा आहे. ३१ डिसेंबरला चार पूर्ण धरतात म्हणून बसतोय कसाबसा. वर्गात जानेवारीतली मुलं असतील, ती याच्यापेक्षा हुशार नाही का दिसणार?"

"दिसतील. दहा महिन्यांनी मोठी आहेत ती. चाळिशीत दहा महिने कुणी मोजत नाही, पण साडेतीन वर्षांच्या पोराचं ते जवळजवळ पाव आयुष्य आहे. शेजारच्या बाकावरच्याशी तुलना करू नकोस. २०२०च्या शिक्षण धोरणानंही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय. पहिलीला सहा पूर्ण लागतात. कसली घाई आहे?"

"त्या बंगल्यातल्या नातीची मुलाखत घेतली म्हणे शाळेनं. रंग ओळख, प्राणी ओळख."

"घेतली असेल. शिक्षण हक्काचा २००९चा कायदा सांगतो की शाळेत घेताना मुलाची किंवा आईबापांची चाळणी लावायची नाही. पण आपणच पोराला इस्त्री करून नेऊन उभं करतो, मग शाळा कशाला सोडेल? बरं, झोपतो किती वाजता?"

"सुट्टी आहे ना, अकरा होतात."

"या वयाला दुपारची धरून दिवसाकाठी दहा ते तेरा तास झोप लागते. शाळा आठची. जून उजाडला की रोज थोडं थोडं अलीकडे आण. झोप झालेली नसली तर बाकीची सगळी तयारी वाया जाते, हे मी तुला लिहून देते."

पलीकडे गच्चीवर गुंड्याचा आवाज यायला लागला. सांडगे घालणं कमी आणि कावळ्यांना हाकलणं जास्त चाललं होतं. एक पाय वर धरून लंगडी घालत कावळ्यांच्या मागे. तोल साधायला त्याहून चांगलं काही नाही, म्हणून मी गप्प बसले.

"जाते मी, नाहीतर आज काही खरं नाही," ती बादली उचलत म्हणाली. "दप्तर तेवढं राहिलंय. रविवारी आणीन."

"त्याला घेऊन जा. दुकानातच त्याला चेन उघडायला लाव, बंद करायला लाव, पाठीवर घ्यायला आणि उतरवायला लाव. वर कार्टून कुठलं आहे ते शेवटी बघ. आणि तो चार क्लिपांचा डबा तुझ्या ऑफिसला ने. त्याला दाबून बसणाऱ्या झाकणाचा साधा स्टीलचा आण. पैसे द्यायच्या आधी झाकण त्यानं स्वतः काढून दाखवलं पाहिजे."