हात दाखवून अवलक्षण

बटण ही मागास वस्तू आहे, असा निकाल तंत्रज्ञानाच्या दरबारात केव्हाच लागला. गुन्हेही गंभीर होते. ते रोज त्याच जागी सापडायचं, दाबलं गेल्याचं बोटाला कळायचं आणि त्याच्याकडे न बघता काम व्हायचं. ज्या वस्तूकडे ढुंकून बघावं लागत नाही, तिच्यात कसली आलीय प्रगती?

म्हणून मोटारीतली बटणं उपटून तिथे परातीएवढा टचस्क्रीन बसवला. काचेवर वाफ धरली की रस्त्यावरची नजर काढायची, मेनू उघडायचा, खड्ड्यात बोट घसरलं की भलतंच गाणं ऐकायचं.

२०२२ मध्ये ‘वी बिलागारे’ या स्वीडिश मासिकाने मात्र आगाऊपणा केला. ताशी ११० किलोमीटर वेगात रेडिओ लावणं, सीट गरम करणं अशी किरकोळ कामं चालकांना करायला लावली. २००५ ची बटणवाली व्होल्व्हो १० सेकंदांत मोकळी झाली. टचस्क्रीनवाल्या एमजी मार्व्हल आरला ४४.९ सेकंद लागले. तोवर गाडी १,३७२ मीटर पुढे गेली होती. याला म्हणतात वेगवान तंत्रज्ञान!

ज्यांना स्पर्शही नको, त्यांच्यासाठी बीएमडब्ल्यूने २०१५ मध्येच हवेत बोट फिरवून आवाज वाढवायची सोय आणली. हातवारे केल्याशिवाय ज्यांना लग्नाच्या यादीवर बोलताच येत नाही, अशा आपल्या मंडळींना गाडीत बसवून ही सोय कुणी तपासली होती का, कळत नाही.

एका ठिकाणी मात्र थट्टा थांबते. २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची ‘जॉन एस. मॅकेन’ या विनाशिकेची तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली आणि १० खलाशी दगावले. जहाजाचं नियंत्रण पडद्यावरच्या पडद्यावर दुसऱ्या जागी गेलं होतं आणि सुकाणूवरच्या माणसाला वाटलं, सुकाणूच निकामी झालं. प्रशिक्षणासोबत पडद्याच्या रचनेवरही चौकशीत ठपका आला. २०१९ मध्ये नौदलाने वेग नियंत्रणासाठी हाताने ढकलायचे दांडे परत बसवायचं ठरवलं. जगातल्या सर्वांत श्रीमंत नौदलाचा भविष्यकाळ असा दांड्यापाशी येऊन थांबला.

आता मोटारींची सुरक्षा तपासणारी ‘युरो एनकॅप’ ही संस्थाही म्हणते की २०२६ पासून सुरक्षेचे पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांना खरीखुरी बटणं किंवा दांडे द्या. फोक्सवॅगननेही बटणं परत आणण्याचं कबूल केलंय.

कंपन्यांचं गणित सोपं होतं. पन्नास बटणं, त्यांच्या तारा आणि साचे यांपेक्षा एक पडदा स्वस्त पडतो. ग्राहकाला तो महाग म्हणून विकताही येतो. उद्या हेच लोक ‘अस्सल बटण’ टॉप मॉडेलमध्ये जादा पैसे घेऊन देतील आणि आपण ते हौसेने घेऊ.

तेव्हा शोरूममध्ये गेलात की विक्रेत्याचं भाषण संपू द्या, चालकाच्या जागी बसा आणि डोळे मिटून हात फिरवा. वायपर, हॉर्न आणि काचेची वाफ घालवायचं बटण सापडलं, तरच चेकबुक काढा.