आवाज येतोय का?

आमच्या लाइव्हकाकांचा कार्यक्रम आम्हाला दोनदा ऐकू येतो. आधी खिडकीतून, मग दहा-पंधरा सेकंदांनी फोनमधून. पिंपरीच्या संत तुकाराम नगरात त्यांची आणि आमची इमारत इतक्या लगट करून उभ्या आहेत, की त्यांनी फोडणी दिली तर शिंक आम्हाला येते.

रात्री नऊला काका वर झब्बा आणि खाली बर्म्युडा अशा पोशाखात रिंगलाइटसमोर बसतात आणि विचारतात, "आवाज येतोय का?" लाइव्ह पोचायला वेळ लागतो, हे त्यांना मान्यच नाही. पहिली कमेंट येईपर्यंत तेच चार वेळा विचारून होतं. कंटाळून ते पुढे सरकतात, "जेवलात का सगळे?" तेवढ्यात उत्तरं कोसळतात : येतोय, येतोय, येतोय.

फेसबुकने लाइव्हची सोय 2016 मध्ये सगळ्यांना खुली केली. काकांच्या अंगात ती शिरली 2020 च्या टाळेबंदीत. त्या वर्षी तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि दर आषाढवारीत जुन्या हायवेवर वारकऱ्यांना केळी वाटणारे काका घरात येरझाऱ्या घालू लागले. काकूंच्या जिवाला उसंत मिळावी म्हणून भाच्याने फोनवर लाइव्ह लावून दिलं. टाळेबंदी उठली, काका बसले ते बसलेच.

पुढे यूट्यूबची हौस आली. तिथे मोबाइलवरून लाइव्ह जायला किमान 50 सबस्क्रायबर लागतात. काका सोसायटीचे खजिनदार! मेंटेनन्सची पावती द्यायच्या आधी ते समोरच्याचा फोन मागून घ्यायचे. त्या महिन्यात थकबाकी वाढली ती उगाच नाही.

श्रोते मात्र पक्के. नाइटला निघालेली पोरं चाकणच्या कंपनी बसमधून बघतात. विषय मधुमेह असो की मोडी लिपी, कमेंट एकच : "काका, पाणी उद्या की परवा?" 2019 च्या नोव्हेंबरपासून शहरात पाणी दिवसाआड येतंय, तेव्हा हा प्रश्नही दिवसाआड यायला हवा. तो रोज येतो.

पाहुण्यांना काका प्रश्नातच उत्तर वाढून देतात. एकदा वल्लभनगरच्या आगारातले निवृत्त एसटी चालक आले होते. "तीस वर्षं गाडी चालवलीत, म्हणजे संयम लागतो, झोप आवरावी लागते, घरच्यांची आबाळ होते, हो ना?" "हो." असे अकरा 'हो' झाले. तेवढ्यात कुणीतरी कमेंट टाकली, घाट उतरताना गिअर कोणता? चालकमामा सावरून बसले. "ज्या गिअरवर चढाल त्याच गिअरवर उतरायचं. ब्रेकवर विसंबायचं नाही." आणि मग पाऊण तास मामाच बोलले. काका गप्प! अत्रे रंगमंदिर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण इतका रंगलेला प्रयोग मी घरबसल्या पहिल्यांदाच पाहिला. काकांच्या मते मात्र तो भाग पडला.

परवा ऐन लाइव्हमध्ये वीज गेली. रिंगलाइट विझला, वायफाय बसलं, सगळी कॉलनी अंधारात. काकांच्या खिडकीतून आवाज आला,

"आवाज येतोय का?"

समोरच्या तिसऱ्या मजल्यावरून एका सेकंदात उत्तर आलं,

"येतोय काका! म्यूट करा!"