दहा वर्षांनी हजर झालेला साक्षीदार

13 मार्च 1997 च्या रात्री अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या आकाशातून दिव्यांची एक कोनाकृती रांग निःशब्द सरकत गेली, तेव्हा फीनिक्सच्या सामान्य रयतेने आपापल्या जबान्या तत्परतेने नोंदविल्या. परंतु ज्यांच्या एका शब्दाने तहकीकातीस वजन यावे, ते गव्हर्नर फाइफ सिमिंग्टन मात्र मौन धरून राहिले. मौन तरी कसले? जूनमध्ये त्यांनी वार्ताहरांस पाचारण करून, अपराधी हाती लागल्याची ग्वाही देत, परग्रहवासीयाचा मुखवटा चढविलेला आपल्याच कचेरीचा प्रमुख बेड्यांसह सभेपुढे हजर केला आणि भयभीत फिर्यादींच्या कैफियतीचा निकाल हशात लावून टाकला.

पुढे 2007 साली, पदाची जोखीम उतरून दशक लोटत आले असता, याच गृहस्थांनी जाहीर केले की ते प्रचंड यान आपण त्या रात्री स्वचक्षूंनी पाहिले होते व ते इहलोकीचे नसावे. विनोद केला तो केवळ लोकांची घबराट शमावी म्हणून! (प्रजावात्सल्याचा हा प्रकार आपल्याकडील मामलेदारांस अद्याप सुचलेला दिसत नाही.)

त्याच रात्री दहाच्या सुमारास पुन्हा दिसलेले दिवे लष्करी विमानांनी सरावात सोडलेल्या प्रकाशनळ्यांचे होते, असा सरकारी खुलासा दप्तरी आहे. त्याआधीची ती कोनाकृती रांग एका हौशी निरीक्षकाने दुर्बिणीतून पाहिली, तो त्यास साधी विमाने दिसली. त्याने मात्र आपली साक्ष त्याच वर्षी देऊन टाकली, मग तिला भाव कोठून येणार?